राइट बॅकच्या मागची मोकळी जागा: ट्रेंटचा हिशेब कसा मांडायचा?

रात्रपाळी

फुटबॉलमधला राइट बॅक (उजव्या कडेचा बचावपटू) ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड लिव्हरपूल सोडून रेआल माद्रिदला गेला, तेव्हापासून आमच्या ग्रुपवर एकच भांडण चालू आहे: त्याचे पास मोजायचे की बचावातल्या चुका? व्हॉट्सॲपवर ते नीट होत नाही, रंगात आलं की कुणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतं. म्हणून इथे धागा काढतोय.

लिव्हरपूलसाठी ३५४ सामने, २३ गोल, ९२ असिस्ट (म्हणजे ज्यावर गोल झाला ते पास). हे राइट बॅकचे आकडे आहेत, दहा नंबरवाल्या आक्रमक मिडफिल्डरचे नाहीत. २०१८-१९ च्या प्रीमियर लीगमध्ये १२ असिस्ट, पुढच्या वर्षी १३. आणि तरीही दर दोन महिन्यांनी टीव्हीवर कुणीतरी पडद्यावर वर्तुळ काढून दाखवतो, "बघा, इथे तो असायला हवा होता."

मी लिव्हरपूलवाला आहे, पण मला दोन्ही बाजू छळतात. आधी वाईट आठवण सांगतो. २८ मे २०२२, चॅम्पियन्स लीगची पॅरिसमधली फायनल, समोर रेआल माद्रिद. साडेबाराची मॅच स्टेडियमबाहेरच्या गोंधळामुळे ३६ मिनिटं उशिरा सुरू झाली. त्यामुळे ५९ वं मिनिट आलं तेव्हा डोंबिवलीत अडीच वाजत आले होते. घरचे झोपलेले, टीव्हीचा आवाज बंद. व्हालवेर्देने उजवीकडून बॉल जमिनीलगत आत मारला. क्रॉस होता की शॉट ते त्यालाच ठाऊक. ट्रेंट गोलच्या तोंडाशी आत सरकलेला, नजर बॉलवर. त्याच्या उजव्या खांद्यामागे व्हिनिसियस. बॉल सगळ्यांना चुकवून लांबच्या पोस्टला गेला आणि व्हिनिसियसने नुसता पाय लावला. १-०. चॅम्पियन्स लीग गेली. मागे एकदा मान वळवली असती तर, हे मी त्या रात्री भिंतीला सांगत बसलो होतो.

आता चांगली. १० नोव्हेंबर २०१९, ॲनफिल्ड, समोर मँचेस्टर सिटी. तेरावं मिनिट. ट्रेंटने डाव्या पायाने, म्हणजे त्याच्या हक्काच्या नसलेल्या पायाने, मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला बॉल फेकला. आमचा लेफ्ट बॅक रॉबर्टसनला तो पळता पळता मिळाला, थांबावंसुद्धा लागलं नाही. क्रॉस, सालाहचं डोकं, गोल. एका पासमध्ये सिटीचा अख्खा संघ उजवीकडून डावीकडे तोंड करून उभा राहिला. असा पास देणारा राइट बॅक मी दुसरा पाहिलेला नाही.

तर प्रश्न असा: असा खेळाडू पदरात घ्यायचा, तर त्याच्या मागच्या मोकळ्या जागेची किंमत किती धरायची? आणि ती भरायची कुणी?

कट्टर_रेड

किंमत? २०१८-१९ मध्ये लिव्हरपूलने ३८ सामन्यांत २२ गोल खाल्ले. बावीस! लीगमध्ये सगळ्यात कमी. राइट बॅक कोण होता? धागा बंद करा.

पॉपकॉर्न

वाचतोय. बंद करू नका.

मुक्ता_मँचेस्टर

@रात्रपाळी, तुमच्या "चांगल्या आठवणी"त सात मिनिटं आधीचं काहीतरी गळलंय. त्याच मॅचमध्ये आम्ही सिटीवाले पेनल्टीसाठी ओरडत होतो, बॉल तुमच्या याच लाडक्या राइट बॅकच्या हाताला लागला होता. रेफरीने दिली नाही, बॉल पुढे गेला आणि फाबिन्योने लांबून गोल ठोकला. मी अजून विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. असो.

@कट्टर_रेड, त्याच वर्षी आम्ही २३ गोल खाल्ले आणि एका गुणाने लीग जिंकली, तेव्हा फार नाचू नका. आमचा राइट बॅक काइल वॉकर होता, आणि खरी तुलना तीच आहे. वॉकरचा क्रॉस ट्रेंटच्या पासंगालाही पुरत नाही. पण वॉकर चुकला तरी मागे वळून धावत माणसाला गाठायचा, म्हणून त्याची चूक कुणाच्या लक्षातच राहायची नाही. ट्रेंट चुकला की गाठू शकत नाही. त्याची प्रत्येक चूक शेवटपर्यंत जाते आणि कॅमेऱ्यात येते.

आकडेमोड

बावीस गोलांचा आकडा खरा, पण तो राइट बॅकचा नाही, संघाचा आहे. तो वापरायचाच तर पुढचेही वापरा. २०१९-२०: ३३. २०२१-२२: २६. २०२२-२३: ४७, आणि लिव्हरपूल पाचवं. त्या चारही वर्षांत राइट बॅक तोच होता. मग बदललं काय? मिडफिल्डमधल्या फाबिन्योचे पाय जड झाले. हेंडरसनचं वय वाढलं. पुढून होणारं प्रेसिंग (बॉलवाल्याला लगेच घेरणं) ढिलं पडलं. समोरच्याला मान वर करून लांब बॉल टाकायला वेळ मिळू लागला आणि तो बॉल कुठे पडणार हे सगळ्या लीगला पाठ होतं.

म्हणजे २२ गोलांचं श्रेय त्याला द्यायचं नसेल तर ४७ चं खापरही फोडता येणार नाही.

दुसरं, टॅकल मोजून फुल-बॅक (कडेचा बचावपटू) जोखू नका. राइट बॅक आरन वान-बिसाकाला मँचेस्टर युनायटेडने २०१९ मध्ये ५ कोटी पौंडांना घेतलं. एकास एक हरवायला त्याच्याइतका अवघड माणूस क्वचित असेल, पाय लांब करून कुठून बॉल काढेल सांगता यायचं नाही. पण बॉल युनायटेडकडे असला की समोरचे त्याला मोकळा सोडायचे आणि बाकीच्या नऊ जणांना घेरायचे. त्याच्याकडून होणारं नुकसान कुठल्याही हायलाइटमध्ये येत नाही, कारण न झालेला पास कोण दाखवणार?

ओल्ड_ट्रॅफर्ड_नाका

युनायटेडचं नाव निघालंच आहे तर १० मार्च २०१८. लिव्हरपूलविरुद्ध आमच्या रॅशफर्डचे दोन गोल, १४ वं मिनिट, २४ वं मिनिट. पहिल्या गोलला तुमच्या पोराला आत वळून असा काही सोडला की तो अजून वळतोय. धन्यवाद.

कट्टर_रेड

@नाका, आणि त्यानंतर २५ दिवसांनी? ४ एप्रिल, चॅम्पियन्स लीगचा क्वार्टर फायनल, समोर सिटीचा लेरॉय सॅने. त्या वर्षी सॅने सगळ्या लीगच्या राइट बॅकना रडवत होता. एकोणीस वर्षांच्या पोराने त्याला रात्रभर बांधून ठेवलं. ३-०. मुक्ताताई, तुम्ही होतात का त्या रात्री?

मुक्ता_मँचेस्टर

घरी होते. टीव्ही मध्येच बंद केला. पुढे?

कट्टर_रेड

पुढे हेच की त्याला डिफेन्स "येत नाही" हे झूठ आहे. ज्या रात्री मनावर घेतो त्या रात्री येतो.

आकडेमोड

तेच तर जास्त वाईट नाही का?

तालमीचा_पोर

मी कोल्हापूरचा. आमच्या तालमीच्या ज्युनियर टीमला चार वर्षं राइट बॅक खेळलोय, शाहू स्टेडियमवर, त्यामुळं या विषयावर बोलायचा थोडा हक्क हाय असं समजतो.

तुम्ही सगळे "मागची जागा" म्हणताय ती आत उभं राहिल्यावर कशी दिसते सांगतो. दिसत नाही. हाच तर घोळ हाय. पुढं जाताना समोर फक्त कॉर्नरचा झेंडा दिसतो आणि कानात गॅलरीचा आवाज. आमच्या पेठेची गॅलरी त्याच बाजूला असायची. राइट बॅक सुटला की अख्खी गॅलरी उठते, मग कोण मागं बघतंय? एकदा सेमीफायनलला असाच गेलो, क्रॉस मारला, त्यांच्या स्टॉपरने (मधला बचावपटू) हेडरने काढला, आणि वळून बघतो तर त्यांचा लेफ्ट आउट (डाव्या कडेचा फॉरवर्ड) आमच्या हाफमध्ये एकटा. माझ्यात आणि त्याच्यात चाळीस यार्ड. मी पळालो, पण ते पळणं म्हणजे एसटी सुटल्यावर मागं पळणं. गोल झाला. जी गॅलरी मला उचलून धरत होती तिनंच मग माझ्या घरच्यांची चौकशी केली, सगळ्या नात्यांसकट.

आमचे सर मॅचनंतर मला काही बोलले नाहीत. ते राइट हाफला (उजवीकडचा मिडफिल्डर) बोलले. "हा गेला तेव्हा तू कुठं होतास?" तो म्हणाला, "मला कुठं सांगून गेला?" तेव्हापासून नियम झाला: जाताना आवाज द्यायचा. "गेलो!" एवढंच. आवाज आला की हाफनं उजवीकडं सरकायचं, स्टॉपरनं एक पाऊल बाहेर. आवाज न देता गेलास आणि गोल बसला तर तुझा, आवाज देऊन गेलास आणि बसला तर हाफचा.

ट्रेंटसाठी हेंडरसन हा तो हाफ होता. करोनात रिकाम्या स्टेडियममध्ये मॅचेस झाल्या तेव्हा त्याचं ओरडणं टीव्हीवर ऐकलं नाही का? मला तर आमच्या सरांची आठवण यायची.

पॉपकॉर्न

"एसटी सुटल्यावर मागं पळणं" 😂 आज एवढ्यावर समाधानी.

फातोर्डेकर

तालमीच्या पोराने बरोबर जागी बोट ठेवलंय. हेच आम्ही गोव्यात डोळ्यांनी बघितलं, फक्त डाव्या बाजूला.

मंदार राव देसाई आठवतोय ना? आधी देंपो, मग एफसी गोवा. मूळचा विंगर, म्हणजे कडेने पुढे खेळणारा. सर्जिओ लोबेरा कोच म्हणून आला आणि त्याने मंदारला लेफ्ट बॅक केलं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा आमच्या फातोर्डा स्टेडियमच्या गॅलरीत माझ्या शेजारचा अंकल कपाळाला हात लावून बसला, "विंगराक फाटीं घालता?" (विंगरला मागे घालतो?) पण लोबेराचा एफसी गोवा बॉल सोडतच नव्हता, त्यामुळे लेफ्ट बॅक नव्वदातली साठ मिनिटं समोरच्यांच्याच हाफमध्ये. तिथे विंगरच हवा. मंदार आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) १०० सामने पूर्ण करणारा पहिला खेळाडू ठरला, आणि त्यातले पुढचे बरेचसे बॅक म्हणून.

तो चुकायचा का? चुकायचा की. पाठीमागे बॉल पडला की आमचा जीव वर. पण त्याच्या आतल्या बाजूला, मिडफिल्डमध्ये अहमद जाहू बसलेला असायचा. जाहूला पळताना कुणी बघितलं नसेल, पण बॉल कुठे पडणार ते त्याला आधी ठाऊक. आणि मागे सेंटर बॅक (मधला बचावपटू) मुर्तदा फॉल, हवेतलं सगळं त्याचं. मग २०२० मध्ये लोबेरा मुंबई सिटीला गेला तेव्हा काय केलं? मंदारला नेलं, जाहूला नेलं, फॉललाही नेलं. एकट्या लेफ्ट बॅकला नेऊन भागणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. त्या वर्षी मुंबईने लीग शील्ड (गुणतक्त्यात पहिलं आल्याची) आणि फायनलची ट्रॉफी दोन्ही उचलली, फायनल आमच्याच फातोर्ड्याला, मार्च २०२१. आम्हाला आत सोडलं नाही, करोना होता. बरंच झालं म्हणा, बघवलं नसतं.

रात्रपाळी

तालमीचा पोर आणि फातोर्डेकर, दंडवत. काल रात्री यावर डोकं लावून बसलो होतो. मला वाटतं आपण दोन वेगळ्या चुका एकाच पोत्यात भरतोय.

एक चूक म्हणजे चूक नाहीच, करार आहे. लिव्हरपूलचा तेव्हाचा कोच क्लॉपने ठरवलं होतं की ट्रेंट पुढे जाणार, सालाह मागे येणार नाही, आणि उजवीकडची ती पट्टी रिकामी राहणार. तिथे बॉल पडला तर हेंडरसन, फाबिन्यो आणि उजवा सेंटर बॅक बघून घेतील. गोमेझ, मातिप, नंतर कोनाते, त्या जागेवरच्या माणसाला बाहेर धावावंच लागायचं. त्या पट्टीतून झालेला गोल ट्रेंटच्या नावावर लिहिणं म्हणजे दुकान उघडं ठेवायला मालकाने सांगायचं आणि चोरी झाली की नोकराला धरायचं.

दुसरी चूक त्याची स्वतःची. बॉल दुसऱ्या बाजूला असताना लांबच्या पोस्टला झोप लागणं. पॅरिसचा गोल त्यातला. तिथे तो पुढे गेलेला नव्हता, सिस्टिमने त्याला कुठे पाठवलेलं नव्हतं. जागेवर होता, फक्त माणूस कुठे आहे ते पाहिलं नाही. एप्रिल २०२१ ला माद्रिदमध्ये असेन्सिओला डोक्याने बॉल आणून दिला तोही त्यातलाच. त्याचं बिल क्लॉपच्या नावावर फाडता येणार नाही. @कट्टर_रेड, "मनावर घेतलं की येतं" हे मी मान्य करतो आणि म्हणूनच मला जास्त राग येतो.

मुक्ता_मँचेस्टर

हे वर्गीकरण पटलं. मग एक सोपा उपाय कुणीच का बोलत नाहीये? पास एवढे भारी आणि मार्किंग एवढं कच्चं, तर त्याला मिडफिल्डमध्ये खेळवा ना. लहानपणी तो मिडफिल्डरच होता.

रात्रपाळी

इंग्लंडचा तेव्हाचा कोच साउथगेटने केलं की. युरो २०२४, सर्बिया आणि डेन्मार्क, दोन मॅच मिडफिल्डला, तिसऱ्यापासून सुरुवातीच्या अकरातून बाहेर. मग क्वार्टर फायनलला स्वित्झर्लंडविरुद्ध शेवटची पेनल्टी मारायला. ती मात्र अशी मारली की काय सांगू.

का जमलं नाही याचं माझं उत्तर असं. उजव्या कडेला उभं राहिलं की पाठीला टचलाइन असते. तिकडून कुणी येत नाही. अख्खं मैदान समोर उघडलेलं, पुस्तक वाचल्यासारखं. बॉल घेताना त्याचं अंग आधीच अर्धं वळलेलं असतं, एक टच आणि दुसऱ्या टचला साठ यार्डांचा पास. मिडफिल्डला मध्ये उभं केलं की बॉल येतो तेव्हा गोलकडे पाठ, आणि माणसं चारी बाजूंनी. पास तेच, पाय तेच, पण तो एक सेकंद मिळत नाही.

म्हणजे पंचाईत बघा. जिथे त्याचं कच्चेपण उघडं पडतं, नेमकं तिथेच उभं राहून तो ते पास देतो. तिथून हलवला तर दोष झाकतो आणि गुणही जातो.

आकडेमोड

मधला रस्ता क्लॉपने काढला होता. ९ एप्रिल २०२३, आर्सेनल, २-२. बॉल आपल्याकडे असेल तेव्हा राइट बॅकने आत फाबिन्योशेजारी यायचं, बॉल गेला की परत कडेला. मिडफिल्डर होणं नाही, मिडफिल्डमध्ये "येणं": तोंड पुढे ठेवूनच. ८७ व्या मिनिटाला झिन्चेन्कोच्या पायांतून बॉल काढून त्याने फिर्मिनोच्या डोक्यावर ठेवला तो याच मॅचमध्ये, आणि तोही कडेवरूनच. त्यानंतर सीझन संपेपर्यंत लिव्हरपूल लीगमध्ये हरलं नाही.

ओल्ड_ट्रॅफर्ड_नाका

हरलं नाही, पण टॉटनहॅमशी ४-३ आणि तळाच्या साउथॅम्प्टनशी ४-४. फारच भक्कम बचाव. 🙏

आकडेमोड

तेही खरं. आत आला की कडेची पट्टी आणखी रिकामी, आणि कोनातेला दोन माणसांचं काम. पांघरूण तेवढंच आहे, डोक्यावर ओढलं की पाय उघडे.

मुक्ता_मँचेस्टर

आमच्याकडे याचं उत्तर कोच पेप ग्वार्दिओलाने निर्दयपणे दिलं. कॅन्सेलो आठवा. उजव्या पायाचा माणूस लेफ्ट बॅकला, पायाच्या बाहेरच्या कडेने काय पास द्यायचा! मी त्याच्यावर फिदा होते. जानेवारी २०२३ ला त्याला लोनवर बायर्नला धाडलं, आणि मग मागे अकांजी, डियास, आके अशी सेंटर बॅकची भिंत उभी केली, स्टोन्सला मागून मिडफिल्डमध्ये चढवलं. त्या वर्षी तीन ट्रॉफ्या आल्या. मजा कमी आली. ट्रॉफ्या आल्या.

मला विचाराल तर लीगसाठी ट्रेंट, नॉकआउटसाठी वॉकर. ३८ मॅचमध्ये १३ असिस्ट म्हणजे बरेच गुण, दोन-चार चुका त्यात पचतात. फायनलमध्ये एक चूक पचत नाही.

कट्टर_रेड

नॉकआउटसाठी वॉकर म्हणे! ७ मे २०१९, चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल, समोर बार्सिलोना, ७९ वं मिनिट. ट्रेंटने कॉर्नरवरून निघाल्यासारखं केलं, बघितलं की त्यांचे सगळे पाठ करून उभे आहेत, परत फिरला आणि बॉल ओरिगीला. ४-०. फायनल गाठली आणि जिंकली. वॉकर तो कॉर्नर घ्यायला तरी गेला असता का?

फातोर्डेकर

गंमत म्हणजे या कॉर्नरला समोरचे सगळे झोपले होते आणि ते फक्त यालाच दिसलं. तीन वर्षांनी पॅरिसला हा स्वतः झोपला.

तालमीचा_पोर

फातोर्डेकर, मानलं तुम्हाला.

रात्रपाळी

आज ऑफिसमधून आल्यावर एक काम केलं. पॅरिसचा तो गोल पुन्हा लावला, या वेळी आवाज मोठा करून. तालमीच्या पोराने लिहिल्यापासून डोक्यात होतं की त्या रात्री त्याला कुणी ओरडून सांगितलं होतं का? "मागे!" वगैरे. तीनदा ऐकलं. काही कळत नाही, नुसता गर्दीचा गलका आणि कॉमेंटेटर.

तालमीचा_पोर

एवढ्या गलक्यात आवाज येत नसतोय, भावा. शाहू स्टेडियमलाच येत न्हाई तर पॅरिसला कुठला? म्हणून आमचे सर प्रॅक्टिसला बॅकच्या मागं उभे राहून खडे मारायचे. बॉल पलीकडं असताना खडा पाठीत लागला म्हणजे मागं बघितलं न्हाईस, दहा फेऱ्या. मी पहिल्या महिन्यात स्टेडियमला किती फेऱ्या मारल्या असतील ते विचारू नका.

रविवारी चारला आमची मॅच हाय. कुणी कोल्हापुरात असाल तर या. राइट बॅक नवीन हाय, पुढं लई जातोय.